आयेले शून्य लिहिते

तेमा बंदरातून कंटेनर आला की
कानेशीच्या गल्लीत तीन दिवस दुसरा विषय नसतो.
जुने संगणक, पोटं उघडी, भाव किलोवर.
आयेले त्यातून फक्त डिस्क उचलते,
तळहातावर तोलते, कानाशी नेऊन हलवते
नारळ घेताना हलवावा तशी.

आजच्या डिस्कवर निळ्या शाईत कुणीतरी लिहिलंय : रिकामी.
आयेलेला हसू येतं.
रिकामी म्हणून आलेली एकही
तिला अजून रिकामी भेटलेली नाही.

दहा मिनिटांत बाहेर येते बोडिल,
मुक्काम ओडेन्से, डेन्मार्क.
दाढेचा एक्स-रे.
बँकेला लिहिलेली तीन पत्रं, तिसऱ्यात उद्गारचिन्हंच फार.
कुत्रा. परत कुत्रा. बर्फात कुत्रा.
आणि एका फोल्डरात नुसता दंड,
एकाच बाईचा, डावा,
प्रत्येक फोटोखाली तारीख,
जांभळा, मग हिरवा, मग पिवळा,
मग नवा जांभळा.

डॅनिश आयेलेला येत नाही.
इथे यावी लागत नाही.

बोडिलनं हे पुसलं होतं,
म्हणजे तिला तसं वाटलं होतं.
यंत्रानं केलं एवढंच की
अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं;
पान पुस्तकातच राहिलं, शिवलेलं,
आणि समुद्र ओलांडून आलं.

महिन्यातून एकदा एक माणूस येतो,
हरमॅटनच्या धुळीतही बूट चकचकीत.
"बँकेची काही कागदपत्रं निघाली?"
"सगळ्या रिकाम्या आहेत," आयेले म्हणते,
"शाईत लिहिलंय, वाचा ना."

मग ती शून्य लिहायला बसते.
म्हणजे लिहितं यंत्रच, ही राखण करते.
कुत्र्यावर शून्य, दाढेवर शून्य,
दंडावर शून्य, शून्य, शून्य,
कोरड्या हातानं फिरवलं तर अक्षर पाटीवर पांढुरकं उरतं,
हा ओला बोळा आहे,
आणि पाटी पाचशे गिगाबाइटची.
नऊ तास.
साठ टक्क्यांवर वीज जाते.

अंधारात केन्की सोलून खाताना
तिला गेल्या आठवड्यातली ती आठवते,
कुण्या अनामिकाची, आरपार कुलूपबंद.
उघडली तर नुसती खरखर,
मुंग्यांच्या वारुळासारखी, ना नाव ना तारीख.
रात्रभर झटली, एक अक्षर हाती लागलं नाही.
राग यायला हवा होता.
आला तो आदर :
हा गडी निघताना कडी लावून गेला,
किल्ली स्वतःच्या डोक्यात ठेवून.
झाकली मूठ. तिनंही मग ती झाकलेलीच विकली,
वर शून्यं चढवून, उगाच,
शिष्टाचार म्हणून.

बोडिलला कुणी सांगितलंच नव्हतं कडीचं.

आणि आयेलेला माहीत होतं तरी.
दोन वर्षांपूर्वी कोरकोरला कोर्ले-बूला दाखल केलं,
पैसे सकाळपर्यंत हवे होते,
तेव्हा स्वतःचा फोन तिनं विकला
दवाखान्याच्या फाटकाशी, एका पोराला.
त्याच्यासमोर उभ्याउभ्या अंगठ्यानं
डिलीट, डिलीट, डिलीट.
कोरड्या हातानं.
त्यात कोरकोरचा आवाज होता, ताप चढलेला,
एका पुरुषाला लिहिलेलं बरंच काही होतं
आणि न धाडलेलं त्याहून जास्त.

कुठे असेल तो आता?
लोमेत, नाहीतर अबिजानला,
कुणाच्या टेबलावर पाठ उघडी टाकून.
तिथेही एखादी असेल का,
बघणारी,
आणि बघून झाल्यावर बोळा भिजवणारी?

पावणेचारला पंखा हलतो, दिवा लागतो.
पडदा विचारतो : राहिलं तिथून पुढे, की पहिल्यापासून?

आयेले बोट पुसते झग्याला.
पहिल्यापासून.